लिनक्समधलं पॅकेज काढण्याआधी यादी वाचा

घरात प्रिंटर नाही, मग छपाईचं सगळं सामान काढून टाकावं, असं वाटणं साहजिक आहे. उबुंटूत ‘कप्स’ हे पॅकेज काढलंत तर छपाईची सेवा आणि तिचा लवाजमा तेवढा जातो, बाकी संगणक ठणठणीत राहतो. पण त्याच झपाट्यात ‘लिबकप्स२’ काढायला गेलात, तर ॲप्ट (उबुंटूत पॅकेजेस बसवणारा-काढणारा पॅकेज मॅनेजर) जी यादी दाखवतो तिच्यात फाइल मॅनेजर, सेटिंग्ज आणि जवळजवळ अख्खा डेस्कटॉप असतो. खिडक्या, बटणं, मेनू रंगवणारी जीटीके ही लायब्ररी आपल्या छपाईच्या चौकटीसाठी लिबकप्स२ वर टेकलेली आहे, आणि जीटीकेवर ग्नोम या डेस्कटॉपचा सगळा डोलारा उभा आहे. (उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये हेच पॅकेज ‘लिबकप्स२टी६४’ या नावाने दिसेल.) नावात थोडासा फरक, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा.

म्हणून ‘कुठलं पॅकेज काढलं तर चालेल’ याची सगळ्यांना लागू पडणारी यादी कुणी देत असेल, तर तिच्यावर विसंबू नये. तीच यादी एका संगणकावर निर्धोक आणि दुसऱ्यावर घातक ठरते. त्यापेक्षा आपल्याच संगणकाला विचारायची पद्धत शिकलेली बरी. ती अवघड नाही. फक्त एक गोष्ट मनात पक्की हवी: कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे हे पॅकेज मॅनेजरला कळतं, पण तुम्हाला काय लागतं हे त्याला कळत नाही. पहिल्या बाबतीत त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा, दुसऱ्या बाबतीत अजिबात ठेवू नका.

इथे मुख्यतः उबुंटू, डेबियन आणि लिनक्स मिंट यांचा विचार केला आहे. फेडोरा आणि आर्चबद्दल पुढे लिहिलं आहे. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या, आणि ‘-एस’ असं लिहिलं असेल तिथे आडवी रेघ नि एस हे अक्षर.

पॅकेज मॅनेजरला काय माहीत असतं

प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची कुंडली येते. तिच्यात इतर पॅकेजेसशी असलेली नाती लिहिलेली असतात, आणि आपल्या कामाची त्यातली तीन. ‘डिपेंड्स’ म्हणजे हे नसेल तर मी चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे याच्यावाचून चालेन, पण बहुतेकांना हे लागतंच. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. काढताना पहिलं नातं कडक असतं: एखादं पॅकेज गेलं की त्याच्यावर डिपेंड्सने टेकलेली सगळी त्याच्यामागोमाग जातात. रेकमेंड्सचं नातं तुटलं तर दुसरं पॅकेज जात नाही, पण त्यातली एखादी सोय गुपचूप बंद पडू शकते आणि ते महिन्याभराने लक्षात येतं.

दुसरी नोंद असते ती पॅकेज संगणकात कसं आलं याची. तुम्ही नाव घेऊन मागवलेलं पॅकेज ‘मॅन्युअल’. त्याच्याबरोबर ओढलं गेलेलं ‘ऑटो’. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ आणि ‘ॲप्ट-मार्क शोऑटो’ या कमांडनी दोन्ही याद्या दिसतात. मात्र मॅन्युअलच्या यादीत तुम्ही कधी न मागवलेली नावंही भरपूर असतील, कारण सुरुवातीला इन्स्टॉलरने बसवलेली अनेक पॅकेजेस तिथेच नोंदली जातात. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालतं ते याच खुणेवर. जे ऑटो आहे आणि आता कुणालाच नको आहे, ते काढून टाकायचं. ते तसं सावध असतं. संगणकातलं एखादं पॅकेज त्याची नुसती शिफारस किंवा सूचना करत असेल, तरी ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. त्यामुळे ‘ऑटोरिमूव्ह केलं, पण जागा फारशी सुटली नाही’ असं झालं तर त्यात काही बिघडलेलं नाही.

धोका वेगळीकडेच आहे. समजा व्हिडिओ संपादनाच्या एखाद्या प्रोग्रामबरोबर एफएफएमपेग हे व्हिडिओचं रूपांतर करणारं साधन आपोआप आलं, आणि पुढे तुम्ही ते स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये रोज वापरू लागलात. ॲप्टच्या वहीत ते अजून ‘ऑटो’च आहे. संपादक काढलात की पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये एफएफएमपेगही जाईल. उपाय एका ओळीचा आहे: ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल एफएफएमपेग’ (सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं). वही दुरुस्त केली की ॲप्ट ते पाळतो.

एक पॅकेज, चार पायऱ्या

उदाहरणाला रिदमबॉक्स हा गाणी वाजवणारा प्रोग्राम घेऊ.

आधी ‘ॲप्ट शो रिदमबॉक्स’. यात ‘प्रायॉरिटी’ची ओळ पाहा. ‘ऑप्शनल’ असेल तर पुढे विचार करायला हरकत नाही. ‘रिक्वायर्ड’ किंवा ‘इम्पॉर्टंट’ असेल तर थांबा. ‘इसेन्शियल: येस’ दिसलं तर विषय संपला, बॅश, कोअरयुटिल्स, डीपीकेजी, टार, ग्रेप अशी ती पायाभूत मंडळी आहेत आणि त्यांच्यावाचून संगणक धड उभा राहत नाही. त्याच पानावर ‘इन्स्टॉल्ड-साइझ’ लिहिलेला असतो. तो दोन-चार एमबी असेल, तर इतका खटाटोप करावा का, हेही तिथेच ठरतं.

मग ‘ॲप्ट आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड रिदमबॉक्स’. ही उलटी चौकशी आहे: संगणकात बसवलेल्यांपैकी कोणाला रिदमबॉक्स हवा आहे? प्रत्येक नावापुढे डिपेंड्स, रेकमेंड्स की सजेस्ट्स हेही येतं. डिपेंड्सच्या ओळी जितक्या जास्त, तितकं ते पॅकेज पायाच्या जवळचं. ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ असेल तर त्या नात्याला दुसरा पर्यायही आहे असा अर्थ, म्हणजे हे गेलं तरी दुसऱ्या पॅकेजवर भागू शकतं.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची: ‘ॲप्ट -एस रिमूव्ह रिदमबॉक्स’. ‘-एस’ म्हणजे रंगीत तालीम. काहीही काढलं जात नाही, सुडोसुद्धा लागत नाही, फक्त काय-काय जाईल ते दिसतं. जाणाऱ्या पॅकेजच्या ओळीची सुरुवात ‘रेम्व्ह’ या आखूड शब्दाने होते. ती प्रत्येक ओळ वाचायची. रिदमबॉक्सबरोबर त्याचेच प्लगइन गेले तर ठीक. त्या ओळींत ग्नोम-शेल, जीडीएम३, नेटवर्क-मॅनेजर किंवा एक्सॉर्ग दिसलं, तर नक्की कुठेतरी चूक होते आहे.

एवढं पटलं तरच ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह रिदमबॉक्स’, आणि तेही ‘-वाय’ न लावता. ‘-वाय’ म्हणजे प्रश्न विचारायच्या आत दिलेला होकार. बसवताना एक वेळ चालेल, काढताना कधीच लावू नये. तारांकनाचंही तसंच. ॲप्ट-गेट (ॲप्टची जुनी कमांड) अशा नावाला शोधाचा नमुना समजतं आणि त्यात बसणारं प्रत्येक पॅकेज यादीत घेतं. जुन्या आवृत्त्यांत तर ‘वाइन*’ याचा अर्थ ‘वाइनने सुरू होणारी नावं’ असा न घेता, ‘विन’ ही अक्षरं नावात कुठेही असलेली सगळी पॅकेजेस असा घेतला जायचा आणि ‘विंडो’ असलेलं कितीतरी त्यात अडकायचं. पूर्ण नावं टाइप करायला अर्धा मिनिट जास्त लागतो, तो लागू द्यावा.

एखाद्या कमांडचं पॅकेज कोणतं ते माहीत नसेल तर ‘डीपीकेजी -एस’ आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पथ द्यायचा (इथला एस मोठ्या लिपीतला). उत्तर मिळालं नाही तर पथाच्या सुरुवातीचं ‘/यूएसआर’ काढून पुन्हा विचारा. थोड्या जुन्या आवृत्त्यांत काही फाइलींची नोंद ‘/बिन’ खालीच आहे, प्रत्यक्षात त्या ‘/यूएसआर/बिन’ मध्ये असल्या तरी.

नावं फसवतात

‘इव्होल्यूशन’ हा मेल वाचायचा प्रोग्राम. तो वापरत नसाल तर खुशाल काढा. पण ‘इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर’ हे त्याचंच शेपूट समजून काढू नका. ग्नोम-शेल त्याच्यावर डिपेंड्सने टेकलेलं आहे आणि वरच्या पट्टीतली दिनदर्शिका त्यातूनच माहिती घेते. ‘अवाही-डीमन’ हे जाळ्यावरची (नेटवर्कवरची) उपकरणं शोधणारं. घरी प्रिंटर किंवा तशी उपकरणं नसतील तर ते काढता येतं. ‘लिबअवाही-क्लायंट३’ मात्र लिबकप्सला हवं असतं, म्हणजे वर सांगितलेली साखळी पुन्हा ओढली जाते. साधारण अनुभव असा की ‘लिब’ने सुरू होणारं काहीही हाताने काढायला जाऊ नये. लायब्ररी कुणासाठी तरी आलेली असते. तो ‘कुणीतरी’ गेला की ती ऑटोरिमूव्हमध्ये आपसूक जाते.

‘उबुंटू-डेस्कटॉप’ हे नाव यादीत दिसलं की लोक घाबरतात. ते मेटापॅकेज आहे. त्याच्या पोटात जवळजवळ काही नसतं. दुसरी पॅकेजेस एकत्र बांधणारी ती दोरी आहे. ती गेली म्हणून डेस्कटॉप त्या क्षणी जात नाही. पण दोन गोष्टी होतात. दोरीला बांधलेल्या वस्तू आता कुणालाच नकोत असं ठरून ऑटोरिमूव्हच्या यादीत येऊ शकतात. काही वितरणांत यावर आधीच बंदोबस्त केलेला असतो, तरी ती यादी डोळ्यांखालून घालावीच. आणि पुढची आवृत्ती चढवताना डेस्कटॉपमध्ये नवीन काय हवं, हे ॲप्टला या दोरीवरूनच कळतं. म्हणून एखादा खेळ काढताना उबुंटू-डेस्कटॉप जातंय असं दिसलं, तर तो खेळ राहू द्यावा हे आमचं मत. पंधरा-वीस एमबीसाठी दोरी कापण्यात शहाणपण नाही.

उलट काही नावं घाबरवणारी असतात आणि काढायला अगदी सोपी. ‘बीआरएलटीटीवाय’ हे ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ते सीएच३४० चिप असलेल्या यूएसबी-सिरियल तारांना ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घेतं. मग आर्डुइनो किंवा ईएसपी३२ चा बोर्ड जोडला की पोर्ट क्षणभर दिसतं आणि गायब होतं. त्या संगणकावर ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर हे पॅकेज काढलं की प्रश्न मिटतो. शाळेतला किंवा ग्रंथालयातला संगणक असेल तर मात्र आधी विचारून घ्यावं. सिमकार्डचा डोंगल वापरत नसाल तर ‘मोडेममॅनेजर’सुद्धा असंच काढण्याजोगं आहे.

फॉन्टचं काम सगळ्यात बिनधोक. न वाचल्या जाणाऱ्या भाषांचे फॉन्ट काढले तर फार तर त्या लिपीच्या जागी चौकोन दिसतील. फक्त आपलेच काढले जाणार नाहीत हे पाहा: ‘फॉन्ट्स-देवा’ हे देवनागरीचं मेटापॅकेज, ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हा लोहित फॉन्ट, आणि नोटोचा देवनागरी भाग ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’मध्ये इतर असंख्य लिप्यांबरोबर असतो. मराठी टाइप करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धत वापरत असाल तर ती ‘आयबस-एम१७एन’ आणि ‘एम१७एन-डीबी’मधून येते. ‘आयबस हे काय आहे, मी तर कधी उघडलं नाही’ म्हणून ते काढलं, की दुसऱ्या दिवशी मराठी उमटेनासं होतं आणि कारण सुचत नाही.

अवलंबनाच्या नकाशावर न दिसणारी गरज

इथे खरी काळजी घ्यायची. पुढची पॅकेजेस काढताना तालमीची यादी अनेकदा एका ओळीची, अगदी निरुपद्रवी येते. कारण इतर कोणतंही पॅकेज त्यांच्यावर टेकलेलं नसतं. टेकलेला असतो तुमचा संगणक.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये भरला जाणारा प्रोग्राम, हे त्याचं ठळक उदाहरण. डेबियनमध्ये वायफाय चिपसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’सारखी वेगवेगळी पॅकेजेस असतात. ते काढलं तर कुणी तक्रार करत नाही. वायफायही चालूच राहतं, कारण फर्मवेअर चिपमध्ये आधीच भरलेलं असतं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की मग जाळं नाहीसं होतं, आणि ते पॅकेज परत आणायला जाळंच हवं असतं. ‘एलएसपीसीआय -के’ चालवून आपल्या वायफायला आणि ग्राफिक्सला कोणता ड्रायव्हर लागतो ते आधी पाहा. दुसऱ्या कंपन्यांचं फर्मवेअर मग निर्धास्त काढता येईल. उबुंटू २४.०४ मध्ये बहुतेक सगळं ‘लिनक्स-फर्मवेअर’ या एकाच जाडजूड पॅकेजात असतं. आकार पाहून मोह होतो, पण त्याला हात लावू नये.

डिस्क कशी मांडली आहे यावरही बरंच ठरतं. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. यादीत ‘क्रिप्टो-लक्स’ दिसलं तर डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) आहे आणि ‘क्रिप्टसेटअप’ व ‘क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस’ राहिलीच पाहिजेत. ती नसतील तर सुरू होताना पासवर्ड विचारणारंच कुणी उरत नाही. ‘एलव्हीएम२-मेंबर’ दिसलं तर एलव्हीएम२, ‘लिनक्स-रेड-मेंबर’ दिसलं तर एमडीॲडएम. यातलं काहीच नसेल तर ही पॅकेजेस तुमच्यासाठी अनावश्यक आहेत.

‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी अस्तित्वात असेल तर संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे. मग ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड’ आणि ‘शिम-साइन्ड’ या दोघांना हात लावू नका. विशेषतः सिक्युअर बूट चालू असताना शिम नसेल तर संगणक ग्रबपर्यंत, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरपर्यंत, पोचणारच नाही.

ॲप्टच्या नजरेबाहेर आणखी एक मोठं जग आहे. ‘/ऑप्ट’मध्ये हाताने उलगडलेले प्रोग्राम, ‘/यूएसआर/लोकल’मध्ये स्वतः कंपाइल केलेले, आणि ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेले प्रोग्राम. त्यांना कोणत्या लायब्ररी लागतात याची ॲप्टच्या वहीत नोंद नाही. अनेक ॲपइमेजना ‘लिबफ्यूज२’ हवं असतं, पण ॲप्टला विचाराल तर ते कुणालाच नको आहे. अशा प्रोग्रामचं पोट ‘एलडीडी’ ही कमांड आणि पुढे फाइलचा पथ देऊन तपासता येतं (ॲपइमेज आधी उलगडून घ्यावी लागते). मात्र विश्वास नसलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत ती फाइल प्रत्यक्ष चालू शकते.

पायथन आणि कर्नल

‘मला नवी आवृत्ती हवी, म्हणून जुनं पायथन आधी काढतो’ हा विचार अनेक उबुंटूंना भोवला आहे. पायथन३ वर अपडेट दाखवणारं साधन, सॉफ्टवेअरच्या स्रोतांची व्यवस्था, आपोआप सुरक्षा-दुरुस्त्या चढवणारं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे सगळं चालतं. सर्व्हरवर ‘क्लाउड-इनिट’ही त्यातच आलं. संगणकाचं पायथन हे संगणकाचं असतं. आपल्याला हवी ती आवृत्ती शेजारी बसवावी, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा ‘पायएन्व्ह’ वापरून. डेबियन १२ पासून मूळ पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) थेट काही बसवायला गेलं तर नकार मिळतो, तो याचसाठी.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाबतीत उलट चूक होते: काढायला हवं ते काढलं जात नाही. पूर्ण डिस्क कूटबद्ध असेल तर ‘/बूट’ सहसा वेगळं आणि लहान विभाजन (पार्टिशन) असतं. जुने कर्नल साचत गेले की ते भरतं आणि नवं कर्नल चढताना इनिटरॅमएफएस (संगणक सुरू होताना कर्नलबरोबर लागणारी फाइल) तयार होतानाच काम अडतं. ‘युनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते पाहा, मग ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवा. चालू कर्नल आणि सगळ्यात नवा कर्नल ॲप्ट स्वतःच राखतो. नव्यात काही बिघाड निघाला तर परतायला जागा हवी, म्हणून निदान दोन कर्नल असावेत. ‘/बूट’मधल्या फाइली आरएमने पुसू नका, डीपीकेजीच्या हिशेबी त्या अजून तिथेच असतात आणि पुढचं अपडेट अडखळतं.

चालू कर्नलच काढायला निघालात तर एक प्रश्न येतो आणि तो उलटा असतो: काढणं रद्द करायचं का? ‘येस’ म्हटलंत तर कर्नल वाचतो. घाईत वाचणाऱ्याचा इथे घोळ होतो. शिवाय ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ हे आकडा नसलेलं पॅकेज कधी काढू नये. तेच नवं कर्नल ओढून आणतं. ते गेलं तर संगणक चालत राहतो, पण कर्नलच्या सुरक्षा-दुरुस्त्या येणं बंद होतं आणि कुणी सांगत नाही.

बसवतानाही काढलं जातं

नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन यांनी आपल्या यूट्यूब चॅनेलवर पॉप-ओएस या उबुंटूवर आधारित वितरणात स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवताना जे झालं ते दाखवलं. पॅकेजमधल्या एका तात्पुरत्या विसंगतीमुळे स्टीम बसवायला ‘पॉप-डेस्कटॉप’ काढावं लागेल असं ॲप्टने ठरवलं. इशारा दिला आणि ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायला सांगितलं. ते टाइप केलं, आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टच्या २.३.१२ या आवृत्तीत बदल झाला. इसेन्शियल आणि प्रोटेक्टेड पॅकेजेस काढायचा तोडगा तो आता आपणहून सुचवत नाही.

असाच सापळा उबुंटू २२.०४ पासून फ्यूजचा आहे. ॲपइमेजसाठी ‘लिबफ्यूज२’ बसवायचं असतं. त्याऐवजी नुसतं ‘फ्यूज’ बसवायला गेलात तर ते फ्यूज३ ला बाहेर काढतं आणि त्याच्यावर टेकलेला डेस्कटॉपचा भागही सोबत जातो. म्हणून ‘ॲप्ट इन्स्टॉल’नंतरसुद्धा काढली जाणारी नावं वाचायची सवय लावा. ॲप्ट ३.० मध्ये ती वेगळ्या मथळ्याखाली लाल रंगात येतात. जुन्या आवृत्तीतही त्यांना वेगळा मथळा असतो, पण रंग नसल्याने ती बाकीच्या मजकुरात हरवतात, शोधावी लागतात.

नक्की कशासाठी काढताय?

मेमरी मोकळी व्हावी म्हणून पॅकेज काढण्यात अर्थ नाही. न उघडलेला प्रोग्राम मेमरी खात नाही. खाते ती मागे चालणारी सेवा. ती ‘सुडो सिस्टेमसीटीएल डिसेबल --नाऊ’ आणि सेवेचं नाव देऊन बंद करा. आठवडाभर काही अडलं नाही तर मग पॅकेज काढा. अडलं तर ‘इनेबल --नाऊ’ने पूर्ववत. ब्लूटूथ, कप्स, मोडेममॅनेजर यांच्यासाठी हीच वाट जास्त सुरक्षित आहे.

जागा हवी असेल तर आधी मोजा. ‘एनसीडीयू’ किंवा ग्नोममधला डिस्क युसेज ॲनलायझर उघडला की बऱ्याचदा दिसतं की जागा पॅकेजेसनी नव्हे, ब्राउझरच्या कॅशने, नोंदींनी आणि जुन्या स्नॅपनी (ॲप्टपेक्षा वेगळ्या पद्धतीने येणाऱ्या पॅकेजेसनी) अडवली आहे. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ उतरवलेल्या पॅकेज-फाइली पुसतं. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ जुन्या नोंदी छाटून जर्नल २०० एमबीच्या आसपास आणतं (आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे, आणि एम मोठा). ‘स्नॅप लिस्ट --ऑल’मध्ये ‘डिसेबल्ड’ दिसणाऱ्या जुन्या आवृत्त्या असतात, आणि ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ कुणालाच नको असलेले रनटाइम काढतं; ते एकेक शेकडो एमबीचे असू शकतात. यात धोका जवळजवळ शून्य आणि मोकळी होणारी जागा पॅकेजेसपेक्षा किती तरी जास्त. स्नॅप चालवणारं ‘स्नॅपडी’ अख्खं काढायचा विचार असेल तर आधी ‘स्नॅप लिस्ट’ वाचा: उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स तिथेच असतो.

‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतला फरकही इथेच सांगायला हवा. रिमूव्ह प्रोग्राम काढतं, ‘/ईटीसी’तली त्याची सेटिंग्ज ठेवतं. पर्ज तीही काढतं. तुमच्या होम डिरेक्टरीतल्या लपलेल्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत. पहिल्यांदा नेहमी रिमूव्हच करावं. पश्चात्ताप झाला तर पॅकेज परत बसवताच सगळं जसंच्या तसं मिळतं. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी यांच्याबाबत तर हा नियम मोडूच नका. पर्ज करताना डेटाबेसमधला डेटाही पुसायचा का असं विचारलं जातं, आणि तिथे चुकून दाबलेला एंटर भारी पडू शकतो.

फेडोरा आणि आर्च

फेडोरात ‘डीएनएफ रिमूव्ह’ निरुपयोगी ठरलेल्या अवलंबनांनाही लगेच घेऊन जातं. ऑटोरिमूव्ह वेगळं चालवावं लागत नाही. त्यामुळे तिथली यादी ॲप्टपेक्षा लांब असते आणि आणखी नीट वाचावी लागते. नको असेल तर ‘--नो-ऑटोरिमूव्ह’ लावा (जुन्या डीएनएफ ४ मध्ये ‘--नोऑटोरिमूव्ह’). डीएनएफची मोठी देणगी म्हणजे ‘डीएनएफ हिस्टरी’. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ला तो क्रमांक दिला की बहुतेक वेळा झालेलं उलटवता येतं.

आर्चमध्ये ‘पॅकमॅन -आर’ (मोठा आर) कुणाला तरी हवं असलेलं पॅकेज काढायला सरळ नकार देतं. ‘-आरएस’ अनाथ अवलंबनंही काढतं. ‘-आरसी’ टेकलेल्या सगळ्यांना ओढून नेतं आणि ‘-आरडीडी’ तपासणीच करत नाही. या दोन्हींपासून दूर राहावं. काढण्याआधी ‘पॅकमॅन -क्यूआय’मध्ये (क्यू मोठा) ‘रिक्वायर्ड बाय’ आणि ‘ऑप्शनल फॉर’ या दोन ओळी पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं.

गेलंच तर

काढण्याआधी ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’चं उत्तर एका फाइलमध्ये साठवून ठेवा, शक्य असेल तर टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घ्या. तरीही डेस्कटॉप गेला तर संगणक बंद करू नका. चालू जाळं टिकून असेल तर दुरुस्ती सोपी आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून काळा पडदा गाठा, लॉगिन करा. ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ ही फाइल उघडली की शेवटी तारीख, तुम्ही दिलेली कमांड आणि ‘रिमूव्ह:’ या शब्दापुढे गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव मिळतं. तीच नावं ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ला द्या, नुसता डेस्कटॉप गेला असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’ पुरतं. काम अर्ध्यावर तुटलं असेल तर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

वायफाय गेलं असेल तर फोन तारेने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा; संगणकाला तो बहुधा साधी जाळ्याची तार जोडल्यासारखाच दिसतो आणि त्याला वायफायचं फर्मवेअर लागत नाही. संगणक सुरूच होत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा, मूळ विभाजन ‘/एमएनटी’वर माउंट करा (‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ वेगळी असतील तर तीही त्याखाली), ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’ आणि ‘/सिस’ बाइंड करा आणि ‘सीएचरूट’ने आत जा. तिथे तीच हिस्टरीची फाइल आणि तीच ॲप्ट इन्स्टॉलची कमांड चालते. कूटबद्ध डिस्क असेल तर माउंट करण्याआधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने ती उघडावी लागेल, आणि उघडताना तिला ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’मध्ये लिहिलेलंच नाव द्यावं. वेगळं नाव दिलंत तर आतून तयार होणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये त्या डिस्कची नोंद होत नाही आणि संगणक पुन्हा तिथेच अडतो.